मित्राचा लाखोटा फोडण्याचा हुकूम कोणाचा?

१४ जून १८४४ रोजी लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये फिन्सबरीचे खासदार थॉमस स्लिंग्जबी डंकम यांनी एक अर्ज सादर केला. अर्जदारांत जोसेफ मॅझिनी होता, इटलीतून परागंदा होऊन लंडनमध्ये राहणारा क्रांतिकारक. सावरकरांच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे मराठी वाचकांना तो चांगलाच परिचयाचा झाला. आपली पत्रं टपाल खातं फोडतं, वाचतं आणि पुन्हा बंद करून पाठवतं, अशी त्याची तक्रार होती. ती नुसत्या संशयावर उभी नव्हती. मॅझिनी आणि त्याच्या मित्रांनी पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण आणि केस घालून पाहिले होते. पत्र हाती पडेपर्यंत ते गायब झालेले असत.

गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांनी सभागृहात एवढंच मान्य केलं की अर्जदारांपैकी एकाच्या बाबतीत वॉरंट निघालं होतं. कोणाच्या बाबतीत आणि कशासाठी, हे सांगायला त्यांनी नकार दिला. वर्तमानपत्रं खवळली. थॉमस कार्लाइलने ‘टाइम्स’ला पत्र लिहून मॅझिनीच्या सचोटीची ग्वाही दिली. ‘पंच’ साप्ताहिकाने ग्रॅहम यांची खिल्ली उडवणारं खास पाकीट छापलं. त्याच जूनमध्ये अत्तिलिओ आणि एमिलिओ बांदिएरा हे दोन भाऊ कालाब्रियात उठाव करायला उतरले, पकडले गेले आणि जुलैत गोळ्या घालून ठार मारले गेले. मॅझिनीशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांच्या मरणाला लंडनमध्ये फोडलेली पत्रं कारणीभूत झाली असावीत, हा संशय इंग्लंडभर पसरला आणि प्रकरण दडपणं अशक्य झालं.

दोन्ही सभागृहांनी गुप्त समित्या नेमल्या. मॅझिनीच्या पत्रांतली माहिती सरकारने परक्या सरकारला पुरवली होती, हे चौकशीत बाहेर आलं. त्याहून मोठी गोष्टही उघड झाली. लंडनच्या टपाल खात्यात एक ‘सीक्रेट ऑफिस’ होतं आणि लंडनमध्ये राहणाऱ्या परदेशी राजदूतांचं टपाल तिथे पिढ्यान् पिढ्या फोडलं जात होतं. त्यासाठी प्रत्येक पत्रागणिक वॉरंट काढण्याचीही गरज वाटत नव्हती. सोबतीला सांकेतिक लिपी उलगडणारी शाखा होती. अठराव्या शतकात ती एडवर्ड विलिस या धर्मगुरूच्या हाती आली. तो पुढे बाथ आणि वेल्सचा बिशप झाला, आणि हे काम त्याच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत राहिलं. फोडल्या जाणाऱ्या पत्रांत शत्रूंच्या राजदूतांबरोबर मित्रांच्याही राजदूतांची पत्रं होती.

युरोपात हे काही वेगळं नव्हतं. व्हिएन्नातल्या कचेरीत दूतावासांच्या टपालाच्या थैल्या सकाळी सातला येत. मेणबत्तीवर लाखेची मोहोर सैल करायची, मजकूर भराभर उतरवून घ्यायचा, बनावट शिक्क्याने लाखोटा पुन्हा बंद करायचा आणि साडेनऊपर्यंत थैल्या वाटपाला परत द्यायच्या, असा तिथला शिरस्ता होता. लंडनचं वेगळेपण इतकंच की तिथे निवडून आलेल्या एका सदस्याने भर सभागृहात विचारलं: हा हुकूम कोणाचा?

त्या प्रश्नाला अर्धंच उत्तर मिळालं. सीक्रेट ऑफिस १८४४ मध्येच बंद झालं, लिपी उलगडणारी शाखाही गेली आणि तिथल्या माणसांना पेन्शनी मिळाल्या. ग्रॅहम मात्र गृहमंत्रिपदावर कायम राहिले. १८४६ मध्ये पंतप्रधान पील यांचं सरकार पडलं तेव्हाच त्यांचं पद गेलं. परराष्ट्रमंत्री लॉर्ड अॅबर्डीन यांच्या वाट्याला तर लोकांचा रागही फारसा आला नाही, आणि आठ वर्षांनी ते पंतप्रधान झाले. कचेरीला टाळं लागलं, कारकून घरी गेले, हुकूम देणारे पदावर राहिले. मित्रदेशांवरच्या हेरगिरीच्या इतिहासात ही वाटणी पुढेही वारंवार दिसते.

ब्रिटनमध्ये परक्या राजदूतांचं टपाल फोडण्यावरची ही बंदी पहिल्या महायुद्धापर्यंत बऱ्याच अंशी टिकली. १९१७ च्या जानेवारीत जर्मन परराष्ट्रमंत्री आर्थर त्सिमरमन यांनी मेक्सिकोला युतीचं आमिष दाखवणारी तार पाठवली. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी शांततेच्या वाटाघाटींसाठी जर्मनीला आपली राजनैतिक तारवाहिनी वापरू दिली होती आणि ही तार त्याच मार्गाने गेली. ब्रिटिश नौदलाच्या ‘रूम ४०’ने ती उलगडली, कारण अमेरिकेच्या तारा ब्रिटन वाचत होता. वॉशिंग्टनला हे कळू नये म्हणून ब्रिटिशांनी मेक्सिकोतून त्या तारेची दुसरी प्रत मिळवली आणि ती पुढे केली. अमेरिका युद्धात उतरली. ज्याची वाहिनी चोरून ऐकली, तोच देश काही आठवड्यांत साथीदार झाला, आणि लंडनमध्ये कोणीही कोणाला जाब विचारला नाही.

अमेरिकेनेही मग स्वतःची कचेरी उभारली. हर्बर्ट यार्डली यांचा ‘सायफर ब्यूरो’ १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. राजधानीपासून दूर जाण्यामागे हिशेबाचं कारण होतं: परराष्ट्र खात्याचा या कामाचा पैसा कायद्याने राजधानीच्या हद्दीत खर्च करता येत नव्हता. तार कंपन्या परदेशी दूतावासांच्या तारा गुपचूप या कचेरीच्या हवाली करत.

१२ नोव्हेंबर १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये नौदल परिषद सुरू झाली. महायुद्धात एकाच बाजूने लढलेले देश युद्धनौकांची संख्या कमी करायला एकत्र बसले होते. परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांना जपानचं प्रमाण अमेरिकेच्या दहास सहा असं हवं होतं. जपान दहास सातवर अडून बसला होता. २८ नोव्हेंबरला टोकियोहून जपानी शिष्टमंडळाला तार गेली. तिच्यात टप्प्याटप्प्याने कुठवर माघार घ्यायची ते लिहिलं होतं, आणि अगदी नाइलाज झाला तर दहास सहाही मान्य करण्याची मुभा होती. यार्डलीच्या माणसांनी तार उलगडली. ह्यूज जागचे हलले नाहीत. फेब्रुवारी १९२२ मध्ये दहास सहावर सह्या झाल्या. विश्वासाने टेबलाशी बसलेल्या मित्राची शेवटची मर्यादा समोरच्याला आधीच ठाऊक होती.

१९२९ मध्ये हेन्री स्टिमसन परराष्ट्रमंत्री झाले. उलगडलेल्या तारा त्यांच्यासमोर ठेवल्या गेल्या तेव्हा त्यांनी खात्याचा पैसा थांबवला आणि ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी कचेरी बंद झाली. सभ्य माणसं एकमेकांची पत्रं वाचत नाहीत, हे त्यांचं मत पुढे प्रसिद्ध झालं. त्यांचा निर्णय मनापासूनचा होता, पण तो एका माणसाच्या विवेकावर उभा होता. संसदेत चर्चा नाही, कायदा नाही, आठ वर्षांपूर्वीच्या परिषदेबद्दल कोणाचा जबाब नाही. यार्डलीच्या कचेरीची कागदपत्रं विल्यम फ्रीडमन यांच्या नव्या लष्करी विभागाकडे गेली आणि काम तिथे सुरू झालं. हेच स्टिमसन १९४० मध्ये युद्धमंत्री झाले आणि उलगडलेल्या जपानी तारांचा उपयोग त्यांनीही केला.

कायदा झाला तो वेगळ्याच कारणासाठी. बेकार झालेल्या यार्डलींनी १९३१ मध्ये पुस्तक लिहून वॉशिंग्टन परिषदेची हकिगत जगासमोर मांडली. जपानमध्ये त्याच्या तीस हजारांहून जास्त प्रती खपल्या आणि तिथलं सरकार स्वतःच्या लोकांपुढे तोंडघशी पडलं. अमेरिकी सरकारने त्यांच्या पुढच्या पुस्तकाचं हस्तलिखित जप्त केलं. जून १९३३ मध्ये काँग्रेसने परदेशी सांकेतिक पत्रव्यवहार प्रसिद्ध करणं हा गुन्हा ठरवला. पत्र फोडणाऱ्यांना हात लागला नाही आणि त्याला वाचा फोडणाऱ्याविरुद्ध कायदा उभा राहिला. पुढच्या ऐंशी वर्षांत हाच क्रम पुन्हा पाहायला मिळाला.

शत्रूच्या तारा वाचणं हा संरक्षणाचा भाग आहे. मित्राच्या तारा वाचणं हा राजकीय निर्णय आहे: ज्याच्याशी करार केला, ज्याच्या सैनिकांशेजारी आपले सैनिक उभे केले, त्याच्यावर लपून नजर ठेवायची की नाही, हे ठरवणं तंत्रज्ञाचं काम नाही. त्याचे परिणाम सगळ्या देशाला भोगावे लागतात. म्हणूनच हा निर्णय निवडून आलेल्या माणसाच्या नावाने, लेखी झाला पाहिजे आणि त्याचा जाब संसदेत विचारता आला पाहिजे. अमेरिकेत १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने गुप्तचर संस्थांच्या गैरवापराची कसून चौकशी केली आणि १९७८ मध्ये विशेष न्यायालयाच्या परवानगीचा कायदा झाला. मात्र त्या सुधारणांचा रोख अमेरिकी नागरिकांच्या संरक्षणावर होता. परदेशात असलेला मित्रदेशाचा पंतप्रधान त्या संरक्षणाबाहेरच राहिला.

ही फट किती मोठी आहे, हे २०१३ मध्ये दिसलं. एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीची, म्हणजे एनएसएची, कागदपत्रं पत्रकारांना दिली होती. सप्टेंबरमध्ये ब्राझीलच्या अध्यक्ष डिल्मा रूसेफ यांच्यावर पाळत ठेवल्याची बातमी आली. त्यांनी वॉशिंग्टनचा सरकारी दौरा लांबणीवर टाकला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेला सुनावलं. २३ ऑक्टोबरला जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांना फोन केला. त्यांचा मोबाइल एनएसएच्या यादीत असल्याचे पुरावे ‘श्पीगल’ साप्ताहिकाच्या हाती लागले होते. यादीतली नोंद २००२ मधली होती, म्हणजे मर्केल विरोधी पक्षात होत्या तेव्हाची. मित्रांमध्ये हेरगिरी मुळीच चालणार नाही, असं त्या दुसऱ्या दिवशी ब्रुसेल्समध्ये म्हणाल्या. व्हाइट हाउसने सांगितलं की फोन ऐकला जात नाही आणि यापुढे ऐकला जाणार नाही. आधी ऐकला जात होता का, यावर निवेदन गप्प होतं.

वॉशिंग्टनमध्ये जबाबदारी कोणाची, हे शोधणं अवघड होऊन बसलं. सिनेटच्या गुप्तचर समितीच्या अध्यक्ष डायन फाइनस्टाइन एनएसएच्या खंद्या समर्थक होत्या. त्यांनीही २८ ऑक्टोबरला जाहीर केलं की समितीला याची नीट माहिती दिली गेली नव्हती आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे खुद्द अध्यक्षांनाही ती नव्हती. दुसऱ्या दिवशी गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर सांगितलं की परदेशी नेत्यांचे इरादे जाणून घेणं हे या धंद्याचं मूळ काम आहे, मित्रदेशही तेच करतात, आणि व्हाइट हाउसला हाती आलेल्या माहितीचं एकूण स्वरूप कळतं, प्रत्येक लक्ष्याचा तपशील कळतोच असं नाही. म्हणजे अकरा वर्षं एका मित्रदेशाच्या नेत्याचा फोन यादीत होता आणि त्या नोंदीची जबाबदारी घ्यायला वर कोणीच तयार नव्हतं. १७ जानेवारी २०१४ रोजी ओबामांनी जाहीर केलं की राष्ट्रीय सुरक्षेचं सबळ कारण नसेल तर जवळच्या मित्रदेशांच्या प्रमुखांचं बोलणं ऐकलं जाणार नाही, आणि संवेदनशील लक्ष्यांचा आढावा वरच्या पातळीवर घेतला जाईल. कोणते देश ‘जवळचे’, ती यादी गुप्त राहिली. जुन्या निर्णयासाठी कोणाचं पद गेलं नाही.

जर्मनीत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, आणि ती वाट या इतिहासात सगळ्यात मोलाची आहे. मार्च २०१४ मध्ये जर्मन संसदेने, बुंडेस्टागने, सर्वपक्षीय संमतीने चौकशी समिती नेमली. पॅट्रिक झेन्सबुर्ग तिचे अध्यक्ष झाले. फिर्याद अमेरिकेविरुद्ध होती. पण समितीने स्वतःच्या घरातल्या फायली मागवल्या, तेव्हा जर्मनीच्या परदेशी गुप्तवार्ता संस्थेचाच, बीएनडीचा, कारभार उघडा पडू लागला. बव्हेरियातल्या बाड आयब्लिंगच्या केंद्रात बीएनडी आणि एनएसए एकत्र काम करत. एनएसए फोन नंबर आणि ईमेल पत्त्यांच्या याद्या पाठवी आणि बीएनडी त्या आपल्या यंत्रांवर चालवी. या याद्यांत युरोपातली सरकारं, युरोपीय संस्था आणि कंपन्याही होत्या, हे एप्रिल २०१५ मध्ये बाहेर आलं. वर्षअखेरीला आणखी एक बातमी आली: बीएनडी अमेरिकेच्या सांगण्याविना, स्वतःहूनही मित्रदेशांचे दूतावास आणि मंत्री ऐकत होती. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लोराँ फाबियुस यांचं नाव त्यात होतं.

ज्या चॅन्सेलर ब्रुसेल्समध्ये मित्रांतल्या हेरगिरीविरुद्ध बोलल्या होत्या, त्यांच्याच कार्यालयाच्या देखरेखीखाली हे चाललं होतं.

समितीसमोरचा मुख्य प्रश्न मग १८४४ सालचाच झाला. सरकारने एनएसएच्या वादग्रस्त लक्ष्यांची यादी समितीला द्यायला नकार दिला. त्याऐवजी निवृत्त न्यायाधीश कुर्ट ग्राउलिश यांना ती एकट्याने पाहू दिली. यादीत जवळपास चाळीस हजार नोंदी होत्या. एनएसएने करार मोडल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. विरोधी पक्ष घटना न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. लोकप्रतिनिधींनी चौकशी करायची, पण चौकशीचा मूळ कागद पाहायचा नाही, अशी त्यांची अवस्था झाली. मर्केल यांच्या फोनबद्दल महाभियोक्त्यांनी सुरू केलेला तपासही न्यायालयात टिकेल असा पुरावा नाही म्हणून जून २०१५ मध्ये थांबला होता.

१६ फेब्रुवारी २०१७ रोजी मर्केल स्वतः शेवटच्या साक्षीदार म्हणून समितीपुढे बसल्या. सत्तेवरच्या सरकारप्रमुखाने लोकप्रतिनिधींपुढे तासन् तास प्रश्नांना उत्तरं देणं ही लहान गोष्ट नाही. ग्रॅहम यांनी सभागृहात ओठ मिटून घेतले होते, मर्केल यांना बोलावं लागलं. त्यांनी सांगितलं की बीएनडी मित्रांवर नजर ठेवते हे त्यांना २०१५ पर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांच्या कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख रोनाल्ड पोफाला यांना मात्र ऑक्टोबर २०१३ मध्येच बीएनडीकडून याची कल्पना मिळाली होती. माहिती एका जिन्यावर अडून राहिली होती. बीएनडीचे प्रमुख गेरहार्ड शिंडलर यांना २०१६ मध्ये वेळेआधी निवृत्त करण्यात आलं. मंत्रिमंडळातलं कोणी गेलं नाही.

तरीही या समितीचं फळ वाया गेलं नाही. तिचा अठराशेहून अधिक पानांचा अहवाल जून २०१७ मध्ये सादर झाला. २०१६ च्या कायद्याने युरोपीय संस्था आणि सदस्यदेश यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी अटी घातल्या आणि आदेशाला वरची मंजुरी सक्तीची केली. मे २०२० मध्ये घटना न्यायालयाने तो कायदाही अपुरा ठरवला. जर्मन राज्यसत्तेवर मूलभूत हक्कांचं बंधन आहे आणि ते परदेशातल्या परदेशी माणसाच्या बाबतीतही लागू होतं, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पत्रकारांनी केलेल्या याचिकेवर हा निकाल आला, आणि त्यानंतरच्या कायद्याने २०२२ पासून स्वतंत्र नियंत्रण परिषद काम करू लागली. तिथे न्यायाधीश आदेश आधी तपासतात. लंडनच्या टपाल खात्यात ज्या कामाला वॉरंटही लागत नव्हतं, त्याच कामासाठी बर्लिनमध्ये आता लेखी कारण आणि बाहेरच्या माणसाची तपासणी लागते. संसदेने चिकाटीने फायली मागितल्या नसत्या तर इतकंही झालं नसतं.

फ्रान्समध्ये याच्या उलट घडलं. शिराक, सार्कोझी आणि ओलांद या तीन अध्यक्षांना एनएसएने ऐकल्याची कागदपत्रं विकिलीक्सने जून २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. ओलांद यांनी अमेरिकेच्या राजदूतांना बोलावून घेतलं, ओबामांशी फोनवर बोलणं झालं, आणि त्याच २४ जूनला फ्रेंच संसदेने आपल्या गुप्तचर संस्थांचे अधिकार वाढवणारा कायदा मंजूर केला. संतापाची धग दोन दिवसांत विझली.

डेन्मार्कमधलं प्रकरण तर अजूनही जखमेसारखं उघडं आहे. मे २०२१ मध्ये तिथल्या ‘डीआर’ या सार्वजनिक वाहिनीने ‘डुनहामर’ नावाच्या अंतर्गत चौकशीची बातमी दिली. २०१२ ते २०१४ या काळात एनएसएने डॅनिश लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहकार्याने मिळालेल्या इंटरनेट केबलचा उपयोग करून स्वीडन, नॉर्वे, फ्रान्स आणि जर्मनीच्या नेत्यांवर पाळत ठेवली होती. त्यांत मर्केल होत्या, आणि पुढे जर्मनीचे अध्यक्ष झालेले फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर होते. म्हणजे शेजाऱ्यांवरची हेरगिरी डेन्मार्कच्याच केबलवरून झाली होती. स्टॉकहोम, ऑस्लो, पॅरिस आणि बर्लिनने खुलासे मागितले. संरक्षणमंत्री त्रिने ब्रामसेन यांनी जवळच्या मित्रांना पद्धतशीर ऐकणं मान्य नसल्याचं सांगितलं, पण बातमीची खातरजमा केली नाही.

चौकशीचं चक्र मग उलटं फिरलं. संस्थेचे प्रमुख लार्स फिन्सन यांना २०२० मध्येच पदावरून बाजूला केलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना गुप्त माहिती फोडल्याच्या आरोपावरून अटक झाली. माजी संरक्षणमंत्री क्लाउस योर्त फ्रेडरिकसेन यांच्यावरही तसाच आरोप ठेवला गेला. न्यायाधीशांच्या चौकशी आयोगाला संस्थेच्या कारभारात टीका करण्यासारखं काही आढळलं नाही. खटले पूर्णपणे बंद दाराआड चालवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, तेव्हा सरकारी वकिलांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ते मागे घेतले. बोलल्याबद्दल दोघांवर आरोप झाले. शेजाऱ्यांचे फोन ऐकले गेले त्याबद्दल कोणावरही नाही. कोपनहेगनमधल्या कोणत्या मंत्र्याला ते कधी माहीत झालं आणि कोणी संमती दिली, हे डॅनिश संसदेने आजवर जनतेसमोर मांडलेलं नाही. ते मांडण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. बुंडेस्टागप्रमाणे फायली मागवून साक्षीदार उभे करणारी चौकशी नेमण्याला आजही कोणता कायदा आडवा येत नाही.